तिसरी बाटली सोडियमची

मुलींचे वसतिगृह, खोली क्रमांक १९
९ जून

मावशीस, तिच्या शाईचा नमस्कार.

पोचल्याचे कार्ड मिळाले असेलच. हे पत्र सवडीने लिहिते आहे. खोलीत आम्ही तिघी आहोत. एक दिवसभर आरशासमोर असते, दुसरी दिवसभर झोपते, आणि दोघींच्या लेखी मी कोपऱ्यात टेकवून ठेवलेली छत्री आहे. जागा व्यापते, बोलत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आम्हा नव्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी एका विषयावर वीस मिनिटे बोलायचे आहे. माझ्या वाट्याला आवर्तसारणीचा जन्म आला. मेंडेलीव्हच्या काळी त्रेसष्ट मूलद्रव्ये ठाऊक होती. त्याने म्हणे प्रत्येकाचे एक कार्ड केले, त्यावर अणुवस्तुमान आणि गुण लिहिले, आणि पत्त्यांचा डाव लावावा तसा तो ती लावत बसला. वजनाच्या क्रमाने लावली तर ठराविक अंतराने तेच गुण फिरून येतात, हे त्याला दिसले. जिथे कोणी बसेना तिथे त्याने ओढूनताणून कोणाला बसवले नाही. जागा रिकामी ठेवली, आणि तिथे जो यायचा होता त्याचे वर्णन आधीच लिहून ठेवले.

त्याच्या काही वर्षे आधी न्यूलँड्स नावाच्या एकाने म्हटले होते की दर आठवे मूलद्रव्य पहिल्याच्या वळणावर जाते, सप्तकातल्या सुरासारखे. भर सभेत एकाने त्याला विचारले, "वर्णक्रमाने लावून पाहिलीत का? त्यातूनही काही निघेल." ते वाचून मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतले तुझे रसायनांचे कपाट आठवले. तुझे कपाट वर्णक्रमानेच तर लावलेले आहे.

रागावू नकोस मावशी, पण वर्णक्रमाने नावे सापडतात, नाती सापडत नाहीत. कार्बन आणि कॅल्शियम तुझ्याकडे शेजारी बसतात ते केवळ 'क'च्या पुण्याईने. धातूंची खरी घराणी निराळी आहेत. पहिल्या गणातले धातू सुरीने कापावेत इतके मऊ, कापताक्षणी चांदीसारखे आणि बघता बघता काळवंडणारे. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायची प्रत्येकाला घाई. गणात जो जितका खाली, तो तितका उतावळा. दुसऱ्या गणातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यामानाने पोक्त. मधल्या गणांतले लोखंड आणि तांबे कष्टाळू, वजनदार, आणि क्षारांच्या रंगांत हौशी. सोने मात्र कोणाशी लवकर संबंध जोडत नाही. आमच्या खोलीतल्या आरशासमोरच्या मुलीसारखे.

निघण्याच्या दिवशी तू प्रयोगशाळेतून सामानाची रिक्षा बघायला गेली होतीस तेव्हा मी तुझ्यासाठी एक गोष्ट करून ठेवली आहे. काय ते सांगणार नाही. सगळे करायला वेळ नव्हता, आरंभ तेवढा केला. जिथून सारणीतल्या धातूंचा आरंभ होतो तिथून. कपाट उघडशील तेव्हा कळेल.

तुझी
शाई

*

रुग्णालय, दुसरा मजला
२८ जून

शाई,

अक्षर वाकडं आलंय त्याला हसू नकोस. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, त्यामुळे ओळ कुठे संपते ते कागद संपल्यावर कळतं.

घाबरू नकोस म्हणून आधी लिहिलं नाही. एकोणीस तारखेला पहिल्या वर्षाच्या मुलींचं पहिलंच प्रात्यक्षिक होतं. सर नेहमीसारखे म्हणाले, "मावशी, सोडियम." मी खालची लाकडी पेटी उघडली आणि तिसरी बाटली काढली. तुला ठाऊक आहे, मी कधी वाचून काढत नाही. प, ल, स. पहिली पोटॅशियम, मधली लिथियम, तिसरी सोडियम. तिन्ही तपकिरी, तिन्ही एका मापाच्या, आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या तू पाचवीत असताना लिहिलेल्या. रॉकेल लागून लागून आता त्या नुसत्या तेलकट डाग झाल्यात. पण हात चुकत नाही. एकोणीस वर्षांत चुकला नाही.

चिमट्याने ढेकूळ काढलं, फरशीच्या तुकड्यावर ठेवलं. पिवळट खपली दिसली. मनात म्हटलं, सोडियमवर पांढरी असते, जुनं झालं असेल. सुरी लावली. पुढचं आठवतं ते एवढंच, की जांभळं काहीतरी दिसलं आणि सगळ्या मुली एकदम मागे सरकल्याचा आवाज आला.

चष्मा एकच होता, तो सरांच्या डोळ्यांवर. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या मानेवर ठिणगी उडाली. रोज तिची आई येते, तिच्या खाटेपाशी बसते, माझ्याकडे बघत नाही. मला तेही बरं वाटतं.

इथल्या झाडणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात. "मावशी" अशी हाक आली की आम्ही दोघीही मान वळवतो. काल ती म्हणाली, "तुम्ही पडून राहा हो, ही हाक बादलीला आहे."

बाटलीत पोटॅशियम होतं. पोटॅशियम तिसऱ्या जागी कसं आलं, हे मला कळत नाही. तिघांची समिती नेमली आहे, त्यात सर स्वतःही आहेत. हलगर्जीपणा ठरला तर कामावरून काढतील.

तुझं पत्र आलं होतं. कॉलेज उघडलं त्या दिवशी मी वरचं काचेचं कपाट उघडून बघितलं. काचा लख्ख पुसलेल्या. म्हटलं, पोरीने जाता जाता एवढं केलं. शाई, तू म्हणालीस ते हेच ना?

तुझी मावशी

*

वसतिगृह
६ जुलै

मावशीस,

तुझे पत्र मिळाले. ताबडतोब निघून यावे असे वाटले, परंतु माझे भाषण याच आठवड्यात होते आणि संशोधनाच्या जागेसाठी नावे लवकरच जायची आहेत. तू समजून घेशील.

काय घडले असावे हे मी ग्रंथालयात बसून शोधून काढले. पोटॅशियम वर्षानुवर्षे रॉकेलमध्ये पडून राहिले तरी झाकणाच्या फटीतून थोडी हवा आत जातेच. सोडियमवर त्यामुळे साधी पांढरी खपली धरते. पोटॅशियमवर मात्र ऑक्सिजनने गच्च भरलेले एक पिवळे संयुग तयार होते. सुरीने ते खालच्या ताज्या धातूवर दाबले गेले की स्फोट होतो. तेव्हा खरा दोष त्या जुन्या साठ्याचा आहे. अशी बाटली इतकी वर्षे ठेवलीच कशी गेली, हा प्रश्न समितीपुढे यायला हवा. त्या खोलीत उजेडही अपुरा असतो. तेही तू आवर्जून सांग.

भाषण बरे झाले. एका प्राध्यापकांनी रिकाम्या जागांविषयीचा भाग पुन्हा सांगायला लावला.

डोळ्याविषयी डॉक्टर काय म्हणतात ते कळव. तुला औषधे वेळेवर घ्यायचा कंटाळा आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: घेत जा.

तुझी
शाई

*

घरून
१४ जुलै

शाई,

घरी आले. डावा डोळा शाबूत आहे. उजवा गेला. डॉक्टरांनी "बघू" म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं त्यावरून मी समजले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खपली कशी धरते ते समजलं. उजेडाचं समजलं. औषधांचंही समजलं. मी जे विचारलं होतं तेवढंच कुठे दिसलं नाही. सगळ्यात सोपा प्रश्न सोडून बाकीची उत्तरं पानभर लिहायची, असं तू कुठल्याच परीक्षेत केलं नाहीस. मग मावशीच्या पेपरातच का?

काल शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या मुलाकडून त्याचं शाळेचं पुस्तक मागून आणलं. मागच्या पानावर तुझी ती सारणी आहे. भिंग लावून पाहिलं. पहिल्या उभ्या ओळीत वर हायड्रोजन, तो तर वायू. त्याखाली लिथियम, सोडियम, पोटॅशियम. बोट ठेवून मोजलं. पहिली, दुसरी, तिसरी.

जिथून धातूंचा आरंभ होतो तिथून, असं लिहिलं होतंस ना.

मी रागावलेली नाही. तू चांगल्या मनाने केलंस हे मला न सांगता कळतं. पण कपाट माझं होतं. मी सातवी शिकलेली बाई, इंग्रजी नावं तोंडात बसेनात, तेव्हा तुला मांडीवर घेऊन मी ती अ आ इ ईने लावली. तूच बाराखडी म्हणत होतीस आणि मी बाटल्या सरकवत होते. तुला ती मांडणी अडाणी वाटली, ठीक आहे. पण बदलल्यावर नुसतं "मावशी, बदललंय बरं का" एवढं म्हणायचं होतंस. त्यात गंमत कसली करायची?

समिती दोन ऑगस्टला बसते. चार ओळी लिही: बाटल्या मी हलवल्या, मावशीला सांगितलं नाही. मुलीच्या हातून झालेली चूक म्हणून ते सोडून देतील. माझ्या हातून झाली तर सोडणार नाहीत.

हो की नाही, तेवढं कळव.

तुझी मावशी

*

वसतिगृह
२२ जुलै

मावशी,

हो. मी हलवल्या.

हे तीन शब्द लिहायला मला आठ दिवस लागले. तू रिक्षा बघायला गेलीस तेव्हा पेटी उघडीच होती. लिथियम पहिल्या जागी, सोडियम मध्ये, पोटॅशियम शेवटी. तीन बाटल्या, अर्धे मिनिट. पुढच्या सुटीत सारे कपाट गणांप्रमाणे लावू, तुला एकेक घराणे समजावून सांगू, तू नवल करशील, असे मनात योजले होते. चिठ्ठ्या नव्या लिहायच्या होत्या; माझे पाचवीतले अक्षर मला आवडत नाही. वेळ उरला नाही.

तू बाटली हाताने ओळखतेस, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही त्या अर्ध्या मिनिटात ते माझ्या मनात आले नाही. त्या क्षणी मी फक्त सारणीचा विचार करत होते.

आता माझी अडचण ऐक. संशोधनाच्या जागेसाठी सरांचे शिफारसपत्र लागते, आणि सर समितीत आहेत. परवानगीवाचून पेटी उघडून धोक्याची रसायने हाताळणाऱ्या मुलीला ते काय लिहून देतील? शिवाय पेटी उघडी होती, कारण किल्ली तू कुलपातच ठेवून गेली होतीस. मी सारे उघड लिहिले, तर तो ठपकाही तुझ्यावरच येईल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे.

भाषणासाठी वाचलेली एक गोष्ट रोज आठवते. मेंडेलीव्हने ॲल्युमिनियमच्या खालची जागा रिकामी सोडली होती. काही वर्षांनी दुसऱ्या एकाला तो धातू सापडला. गॅलियम, तळहातावर ठेवला तर वितळणारा. शोधणाऱ्याने त्याची घनता मोजली, चार पूर्णांक सात. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्हने कळवले, तुमचे मोजमाप चुकले, पाच पूर्णांक नऊ यायला हवे. पुन्हा मोजले, तर तेवढेच आले. लांब बसूनही खरे सांगता येते, असा मी याचा अर्थ घेते. मी समितीला पत्र लिहीन. शब्द मात्र मला निवडू दे.

माझे ९ जूनचे पत्र तुझ्याकडे असेल. ते कोणाच्या हाती पडणार नाही असे बघ.

शाई

*

२९ जुलै

माननीय अध्यक्ष, चौकशी समिती, यांस सविनय सादर.

मी या महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी असून, समितीस उपयुक्त ठरेल अशी माहिती स्वतःहून देऊ इच्छिते.

मागील सुटीत काही दिवस मी टिपणे काढण्यासाठी रसायनशास्त्र प्रयोगशाळेत बसत असे. प्रयोगशाळेतील किल्ल्या मावशींकडे असत. लाकडी पेटीतील तीन बाटल्यांचा क्रम सुटीच्या अखेरीस शास्त्रीय दृष्टीने बदलण्यात आला असावा. या बदलाची कल्पना मावशींना वेळेवर दिली गेली नसावी. बाटल्यांवरील चिठ्ठ्या अस्पष्ट झाल्या होत्या. त्या नव्याने लावणे हा मावशींच्या कामाचा भाग होता किंवा कसे, याविषयी मला माहिती नाही.

मावशींनी अनेक वर्षे निष्ठेने सेवा केली आहे. त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
माजी विद्यार्थिनी, प्रथम क्रमांक, रसायनशास्त्र

*

घरून
११ ऑगस्ट

शाई,

समिती झाली. निकाल आधी सांगते, म्हणजे शोधत वाचायला नको. चिठ्ठी न वाचता बाटली उचलली, पेटी उघडी ठेवली, चिठ्ठ्या वेळेवर बदलल्या नाहीत. मला काढलं. किल्ल्या त्याच दिवशी टेबलावर ठेवल्या.

तुझं पत्र कारकुनाने मोठ्याने वाचलं. सर म्हणाले, "बघा, आपल्या मुली किती शुद्ध लिहितात." दुसरे एक म्हणाले, "आणि किती तोलून." मलाही मान डोलवावी लागली. तुझी शिफारस सरांनी त्याच बैठकीत, चहा यायच्या आत लिहिली. अभिनंदन.

मग "वाचले" म्हणून सही करायला तो कागद माझ्या हातात दिला. ऐकताना सुटलं ते मी वाचताना पाहिलं. क्रम "बदलण्यात आला असावा". कल्पना "दिली गेली नसावी". वाक्यातला कर्ता शोध, असा प्रश्न सोडवताना तू लहानपणी मला कधी मध्ये बोलू द्यायची नाहीस, इतका तो तुला सोपा जायचा. इथे मी दोनदा शोधला. कोणीच नव्हतं. मेंडेलीव्हने जागा रिकामी ठेवली ती येणाऱ्यासाठी. तू उठून गेलीस आणि ठेवलीस.

त्याचंही मला एवढं लागलं नाही. भित्री तू पहिल्यापासून. दार वाजलं की माझ्या पदरामागे जायचीस.

पण त्या कागदावर चार ठिकाणी मावशी आली आहे. मावशींकडे, मावशींना, मावशींच्या, मावशींनी. जन्मभर तू मला "मावशीने" लिहीत आलीस. निबंधात लिहिलंस, वहीच्या मागे लिहिलंस. आता चारही ठिकाणी डोक्यावर टिंब. आदर म्हणून दिलं असशील. घरातल्या माणसाला असला आदर कोणी देत नाही, शाई. तो बादलीवाल्या मावशींना देतात. डोळा एकच उरलाय, पण टिंब दिसलं.

तीन वर्षं तू त्या कॉलेजात शिकलीस आणि मी तुझी सख्खी मावशी आहे हे कोणाला कळलं नाही. सगळ्याच मुली मला मावशी म्हणायच्या, त्यात तुझी हाक बुडून गेली. मावशीने पेपर फोडला असं कोणी म्हणू नये म्हणून तू माझ्यामागून अर्ध्या तासाने घरी यायचीस. मीच तसं शिकवलं होतं, असं मी आजवर समजत होते. परवा प्रथमच वाटलं की तुला ते शिकवावं लागलंच नव्हतं.

माझ्या जागी एक मुलगा आला आहे. त्याने बाटल्या इंग्रजी वर्णक्रमाने लावल्या. त्याने मला बोलावून दाखवलं. लिथियम, पोटॅशियम, सोडियम. त्याला ठाऊक नाही, पण तिसरी बाटली पुन्हा सोडियमची झाली. माझा हात गेला असता तर चुकला नसता.

त्या दिवशी समितीपुढून उठताना सरांनी विचारलं, "मावशी, ही मुलगी सुटीत तुमच्याबरोबर यायची म्हणे. तुमची कोणी लागते का?"

तुझं ९ जूनचं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं. बाहेर काढलं असतं तर पहिल्याच ओळीत सगळं होतं. मावशीस, तिच्या शाईचा नमस्कार. टिंब नाही.

मी म्हटलं, "नाही सर. मुली सगळ्याच मावशी म्हणतात."

ते पत्र याच पाकिटात घातलं आहे. आता कोणाच्या हाती पडायचं भय नाही.